खासगी कामं सांभाळणाऱ्यानं पहिलं सरकारी काम घेताना

प्रश्न थोडक्यात असा आहे: सोलापुरात सात-आठ वर्षं खासगी कामं सांभाळली. चिंचोळी एमआयडीसीत टॉवेल कारखान्यांचे शेड, जुळे सोलापूर भागात बंगले, एक अपार्टमेंट. आता जिल्ह्यातल्या एका गावात दुमजली सरकारी इमारतीचं काम मिळालं आहे. निविदा बी-१ नमुन्यातली, दर १२ टक्के बिलो (अंदाजपत्रकापेक्षा कमी), मुदत १२ महिने. खासगीत काम जसं चालवलं तसंच इथं चालवलं तर कुठं अडेल?

बांधकामात फारसं अडणार नाही. सिमेंट, सळई, सेंटरिंग दोन्हीकडे तेच आणि गवंडीही तेच. अडेल ते बदलांपाशी आणि बिलापाशी. खासगीत बदल सांगणारा आणि पैसे देणारा माणूस एकच असतो. मालक सकाळी साइटवर येऊन 'ही भिंत दोन फूट मागं घ्या' म्हणतो आणि संध्याकाळी भिंत मागं गेलेली असते. सरकारी कामात जागेवर अडचण पाहणारा शाखा अभियंता वेगळा, ती तपासणारा उपअभियंता वेगळा, मंजुरी देणारा कार्यकारी अभियंता किंवा त्याच्याही वरचा अधिकारी वेगळा. निधी आणखी कुठून तरी, म्हणजे जिल्हा नियोजन समितीकडून किंवा मंत्रालयातल्या एखाद्या विभागाकडून येतो. दोन-तीन वर्षांनी महालेखाकारांच्या कार्यालयातला लेखापरीक्षक तीच फाइल उघडतो, आणि गावातला कोणीही माहितीच्या अधिकारात मोजमाप पुस्तिकेची (एमबी) नक्कल मागू शकतो. यांतले बहुतेक जण खड्डा खणताना तिथं नव्हते. त्यांना दिसतो तो फक्त कागद. म्हणून जे कागदावर नाही, त्याचे पैसे निघत नाहीत. इंजिनिअर कितीही भला असला तरी तो काढून देऊ शकत नाही.

आधी हातातली निविदा नीट समजून घ्या. बी-१ म्हणजे टक्केवारीची निविदा. बाबनिहाय दर खात्यानं दरसूचीवरून (खात्याच्या ठरलेल्या दरांच्या यादीवरून) लावलेले असतात, तुम्ही त्या सगळ्यावर मिळून एकच टक्का भरता. बी-२ मध्ये प्रत्येक बाबीचा दर तुम्ही स्वतः भरता. तुमचे १२ टक्के बिलो सगळ्या बाबींना सारखेच लागतात. ज्या बाबीत दरसूची सैल आहे तिथं ते झेपतं, पण जिथं ती आधीच घट्ट आहे तिथंही तेवढेच कमी होतात. अंदाजपत्रकातल्या १,००० रुपयांच्या बाबीचे तुम्हाला ८८० रुपयेच मिळतात, मग ती सळई असो की रंग. म्हणून कार्यारंभ आदेश हातात आल्यावर पहिल्याच आठवड्यात प्रत्येक बाब स्वतःच्या खर्चाशी लावून बघा आणि तोट्याच्या बाबींवर खूण करा. त्या बाबींचं परिमाण वाढणार असेल तर तुमचा तोटाही वाढणार. खासगीत चौरस फुटाच्या दरावर काम करणाऱ्यांना ही सवय नसते, कारण तिथं सगळं एका आकड्यात मिसळलेलं असतं.

दर १० टक्क्यांहून खाली गेल्यामुळे तुमच्याकडून नेहमीच्या सुरक्षा ठेवीशिवाय अतिरिक्त सुरक्षा ठेवही मागितली गेली असेल. किती आणि कधीपर्यंत, ते निविदेत लिहिलेलं असतं. ही रक्कम काम पूर्ण होईपर्यंत अडकून राहते, ती खेळत्या भांडवलात मोजूच नका. खासगी कामात मालकाकडून काम सुरू होतानाच थोडी आगाऊ रक्कम मिळते. इथं उलट आहे, पहिलं बिल निघेपर्यंत सगळा पैसा तुमचा. दोन चालू बिलांएवढी (काम चालू असताना टप्प्याटप्प्यानं निघणाऱ्या बिलांएवढी) रक्कम हाताशी नसेल तर पहिल्या स्लॅबच्या आसपासच ओढाताण सुरू होते.

आता पाया. सोलापूर जिल्ह्यात बहुतेक ठिकाणी काळी माती आहे. ती पाण्यानं फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि फुटिंग (कॉलमखालचा पाया) मुरमावर टेकलंच पाहिजे. अंदाजपत्रक करताना प्रत्येक जागेवर चाचणी खड्डे घेतलेले असतातच असं नाही. पुष्कळदा खोली सरासरीनं धरलेली असते. समजा तुमच्या इमारतीला २४ फुटिंग आहेत, पीसीसीचं (फुटिंगखालच्या साध्या काँक्रीटच्या थराचं) माप २ मीटर बाय २ मीटर आणि अंदाजपत्रकात खोली १.५ मीटर. खोदाईचं परिमाण झालं १४४ घनमीटर. प्रत्यक्षात मुरूम लागला २.४ मीटरवर, म्हणजे खोदाई गेली २३०.४ घनमीटरवर. ८६.४ घनमीटर जास्त, साठ टक्के वाढ.

खासगीत इथं काय होतं? मालकाला खड्ड्यापाशी बोलावता, दाखवता, तो 'करा' म्हणतो. सरकारी कामात आधी बाबीचं वर्णन वाचायचं. दरसूचीतली खोदाईची बाब सहसा १.५ मीटर लिफ्टपर्यंतची (खोलीच्या टप्प्यापर्यंतची) असते. तसं असेल तर खालचे ८६.४ घनमीटर त्या बाबीत बसतच नाहीत. ती जादा बाब होते, तिचा दर मंजूर करून घ्यावा लागतो. लिफ्टची मर्यादा लिहिलेली नसेल तर हीच बाब परिमाणवाढ ठरते आणि बी-१ चा क्लॉज ३८ लागतो: निविदेतल्या परिमाणाच्या २५ टक्के जास्तीपर्यंत निविदेतलाच दर, त्यापुढं नव्यानं ठरवलेला. १४४ चे २५ टक्के ३६, म्हणजे १८० घनमीटरपर्यंत तुमचा ८८ टक्के दर आणि उरलेल्या ५०.४ घनमीटरचा दर वेगळा. कोणतं लागू होतं हे खोदाई चालू असतानाच ठरायला हवं, बिल करताना नाही.

आणि खोदाई ही झाकली जाणारी बाब आहे. पीसीसी पडलं, कॉलम वर आला, खड्डा भरला की तिथं मुरूम दीड मीटरवर होता की अडीच मीटरवर, हे कोणालाच सांगता येत नाही. म्हणून क्रम असा ठेवा: खोदण्याआधी शाखा अभियंत्यासोबत ऑटो लेव्हलनं (पातळी मोजायच्या यंत्रानं) जमिनीच्या पातळ्या घ्या आणि त्या पानावर दोघांच्या सह्या करा. बेंचमार्क (पातळ्या मोजायचा पक्का संदर्भबिंदू) असा निवडा की तो काम संपेपर्यंत हलणार नाही, कंपाउंडच्या खांबावर नको. दीड मीटरवर पोचलात आणि अजून काळीच माती आहे, तर तिथंच थांबा. उपअभियंत्याला त्याच दिवशी पत्र द्या, कार्यालयातून आवक क्रमांक घ्या, ईमेलही करा. व्हॉट्सअॅपवरचा फोटो पाठवायला हरकत नाही, पण तो पत्राच्या जागी चालत नाही. मुरूम लागल्यावर प्रत्येक खड्ड्याच्या तळाची पातळी, थरांची जाडी (काळी माती किती, पांढरी माती किती, मऊ मुरूम किती) आणि मोजपट्टी (स्टाफ) उभी धरलेला जिओटॅग फोटो ठेवा. एमबीत ही नोंद झाल्याशिवाय आणि उपअभियंत्यानं तळ तपासल्याशिवाय पीसीसी ओतू नका. यात चार-पाच दिवस जातील. खासगीतल्या माणसाला हे चार-पाच दिवस फार जड वाटतात, मजूर बसून राहतात. पण बाकीचं पुढं नेता येतं: सळई कापून-वाकवून ठेवा, आधी तपासलेल्या खड्ड्यांत पीसीसी करा, कॉलमच्या पेट्या जुळवा.

खोली वाढली की फक्त खोदाई वाढत नाही, हेही लक्षात ठेवा. प्लिंथखालचा (जोत्याखालचा) कॉलम ०.९ मीटरनं लांबला. कॉलम ३०० बाय ४५० मिमी धरला तर २४ कॉलमचं मिळून जवळपास २.९ घनमीटर काँक्रीट, त्याची सळई, सेंटरिंग, आणि खड्डे भरायला जास्तीचा मुरूम. पत्रात फक्त खोदाई लिहिली तर पुढं 'बाकीचं तुम्ही कळवलंच नव्हतं' असं उत्तर येतं. आणि या सगळ्यानं काम प्रशासकीय मान्यतेच्या रकमेपलीकडं जात असेल तर सुधारित प्रशासकीय मान्यता लागते. तिला काही महिने जाऊ शकतात, आणि तोवर वाढीव कामाचं बिल थांबतं. म्हणून परिमाणं वाढताना दिसली की सगळ्या बाबींचा वाढ-घट तक्ता दर महिन्याला करा. कुठल्या बाबींत बचत होते ते खात्याला दाखवलंत तर मान्यतेच्या आत बसवायला त्यांनाही सोपं जातं.

खासगी कामातला बदल वेगळ्या जागी दुखतो. टॉवेल कारखान्याच्या शेडमध्ये लूमच्या पायाचा नकाशा यंत्र पुरवणाऱ्याकडून उशिरा येतो आणि फरशी आधीच झालेली असते. बोल्टच्या जागा बदलतात, केबल ट्रेंच सरकतो, फरशी फोडावी लागते. निर्णय पाच मिनिटांत होतो, पण दर ठरत नाही. शेवटच्या बिलात मालक म्हणतो, 'हे तर चौरस फुटाच्या दरात आलं.' तिथं आवक क्रमांक नसतो, पण एक साधी सवय पुरते. दिवसाच्या शेवटी मालकाला आणि आर्किटेक्टला एकच संदेश: आज सांगितलेला बदल, अंदाजे खर्च, अंदाजे जास्तीचे दिवस, 'मान्य असल्यास कळवा'. 'ओके' आलं तरी चालतं. खासगीत बुडणारे पैसे जास्त करून याच न लिहिलेल्या बदलांचे असतात.

आता बिल. एमबीतलं मोजमाप शाखा अभियंता लिहितो, उपअभियंता तपासतो, मग ते विभागीय कार्यालयाच्या लेखा शाखेत जातं, कार्यकारी अभियंता पास करतो, आणि निधी उपलब्ध असेल तर पैसे येतात. पास झालेलं बिल आणि मिळालेलं बिल यांत अंतर असतं, कारण निधी वर्षातून काही टप्प्यांत येतो. हातात येणारा आकडाही आधी मांडून ठेवा. भागीदारी फर्मचं २० लाखांचं चालू बिल धरू. त्यावर १८ टक्के जीएसटी ३,६०,००० मिळून २३,६०,०००. यातून आयकराचा टीडीएस २ टक्के ४०,००० (मालकी एका व्यक्तीच्या नावावर असेल तर १ टक्का), जीएसटीचा टीडीएस २ टक्के ४०,०००, बांधकाम कामगार उपकर १ टक्का २०,०००, आणि सुरक्षा ठेव बिलातून २ टक्के कापायची अट असेल तर आणखी ४०,०००. खात्यात आले २२,२०,०००. त्यातले ३,६०,००० कराचे. खरेदीवरच्या कराची वजावट आणि कापलेला जीएसटी टीडीएस तुमच्या लेजरमध्ये जमा होतो, पण तो वापरता येईपर्यंत वेळ जातो. मजुरी, माल, डिझेल यांसाठी साडेअठरा लाखांच्या आसपासच धरा.

बिलातून आणखी एक कपात होते ती गौण खनिजाची. मुरूम, खडी, क्रश सँड यांच्या रॉयल्टीच्या पावत्या नसतील तर ती रक्कम बिलातून वळती होते. खासगीत ट्रॅक्टरवाला किंवा डंपरवाला माल टाकून जातो आणि कोणी विचारत नाही. इथं प्रत्येक खेपेची वाहतूक पावती तारखेप्रमाणे फाइलला लावा. पावतीवरचे एकूण ब्रास आणि एमबीतल्या काँक्रीट-भरावाला लागणारे ब्रास जुळले पाहिजेत. महिन्याअखेर जुळवत गेलात तर अर्ध्या तासाचं काम आहे, वर्षाअखेर जुळवायला बसलात तर पुरवठादारच सापडत नाही.

टॅक्स इन्व्हॉइस कधी काढायचं ते करसल्लागाराला विचारूनच ठरवा. मोजमापाच्या दिवशीच इन्व्हॉइस काढलं आणि निधी तीन महिन्यांनी आला, तर कर पदरचा भरून बसावं लागतं.

वेळेचं नियोजन करताना खासगीतला बारचार्ट इथं जसाच्या तसा चालत नाही. कामाचे दिवस मोजताना सोलापूरचं वर्ष डोळ्यांपुढं ठेवा. इथं सगळ्यात जास्त पाऊस सप्टेंबरात, परतीचा. जून-जुलै कोरडे गेले म्हणून पाया तेव्हापर्यंत ढकललात तर सप्टेंबरात खड्ड्यात पाणी आणि काळ्या मातीत डंपर रुतलेला. आषाढी-कार्तिकीला जिल्ह्यातल्या अधिकाऱ्यांना पंढरपूरच्या यात्रेची कामं असतात आणि पालखी मार्गांवर जड वाहतूक अडते. त्या आठवड्यांत मोजमाप किंवा तपासणी धरू नका. जानेवारीत संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा, शहरातले मजूर कमी येतात. एप्रिल-मेमध्ये बदल्या. ज्या शाखा अभियंत्यानं तुमचा पाया पाहिला तो स्लॅबला नसेल, आणि नवा माणूस जुन्याच्या तोंडी शब्दावर सही करणार नाही, करूही नये. म्हणून मार्चअखेर सगळी झाकलेली कामं एमबीत आली आहेत ना, ते स्वतः बघा. मार्चमध्ये लेखा शाखेत बिलांचा ढीग असतो. तुमचं बिल फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत उपविभागातून निघालं पाहिजे. आचारसंहिता लागली तर चालू कामं थांबत नाहीत, पण नवे कार्यारंभ आदेश आणि नव्या मंजुऱ्या अडतात. जादा बाबींची मंजुरी अर्धवट असेल तर ती तिथंच राहते.

उशीर झाला तर बी-१ च्या क्लॉज २ प्रमाणे दंड होऊ शकतो, कमाल अंदाजपत्रकीय किमतीच्या १० टक्के. मुदतवाढीचा अर्ज अडथळा आल्यापासून ३० दिवसांत किंवा मुदत संपण्याआधी, यातलं जे आधी येईल तेव्हा द्यायचा असतो. बहुतेक नवे लोक शेवटच्या महिन्यात एकच मोठा अर्ज देतात आणि त्यात वर्षभराच्या अडचणी लिहितात. तेव्हा आधीच्या अडथळ्यांची मुदत उलटून गेलेली असते. साइटवर अडथळा नोंदवही ठेवा. महावितरणचा खांब हलवायला लागलेले दिवस, झाड तोडायच्या परवानगीचे दिवस, नकाशातल्या खुलाशाची वाट पाहिलेले दिवस, सुरू झाल्याची आणि संपल्याची तारीख, आणि शाखा अभियंत्याची सही. प्रत्येक नोंदीमागं एक पत्र. तुमची मुदत १२ महिन्यांची आहे, एवढ्या मुदतीत भाववाढीचं कलम असेलच असं नाही. नसेल तर सळईचे दर वाढले की झळ तुम्हालाच. त्यामुळे मुदतवाढ मिळाली तरी ती फुकट पडत नाही.

गुणवत्तेच्या बाबतीत मात्र सरकारी पद्धतीचा कंटाळा करू नका, ती खासगीतही न्यायला हवी. आयएस ४५६ (काँक्रीटचं भारतीय मानक) प्रमाणे एका दिवसाच्या ३१ ते ५० घनमीटर काँक्रीटला ४ नमुने लागतात, एका नमुन्याचे ३ क्युब (चाचणीचे ठोकळे), म्हणजे २८ दिवसांच्या चाचणीलाच १२. सात दिवसांचा अंदाज हवा असेल तर वेगळे भरा. क्युबवर तारीख, ग्रेड आणि जागा ओल्या काँक्रीटवरच कोरा, नंतर खडूनं लिहिलेलं पाण्यात जातं. चाचणी शासकीय किंवा खात्यानं मान्य केलेल्या प्रयोगशाळेतलीच चालते, आणि अहवाल नसेल तर बिलातून त्या बाबीचे पैसे राखून ठेवतात. पाणी आधीच तपासून घ्या. इथं बोअरच्या पाण्यात क्षार असतात, आणि आरसीसीसाठी क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढं असताना स्लॅब पहाटे सुरू करून सकाळी संपवा. कोरड्या उष्ण हवेत पाणी मारणं १० दिवसांच्या खाली आणू नका, आणि पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंट असेल तर १४ दिवस धरा. गावात नळाला पाणी काही दिवसांआड येतं, म्हणून टँकरचा खर्च पहिल्याच दिवशी हिशेबात घ्या. गोणपाट टाकून पाणी धरून ठेवलं तर टँकरच्या खेपा बऱ्याच वाचतात.

माणसांशी वागण्यातही थोडा फरक करा. एका शाखा अभियंत्याकडे तालुक्यातली पुष्कळ कामं असतात. त्याला फोन करून 'आज या' म्हणण्यापेक्षा आठवड्याचा कार्यक्रम लिहून द्या: मंगळवारी प्लिंथ बीमची सळई तपासणी, शुक्रवारी काँक्रीट. तपासणीला जाताना मोजमापाचा कच्चा तक्ता तुम्हीच तयार ठेवा, म्हणजे जागेवर फक्त पडताळणी उरते. एमबीत लिहायचा अधिकार त्याचा आहे, पण आकडे जुळवण्याची मेहनत तुम्ही केलीत तर बिल आठवडाभर आधी निघतं. आणि कोणी 'आधी करून टाका, कागद नंतर करू' म्हणालं, तर नम्रपणे पत्रच द्या. सांगणाऱ्याचा हेतू चांगला असला तरी त्याची बदली झाल्यावर ते तुमच्या नावावर राहतं.

काम संपलं की पूर्णत्वाचा दाखला तारखेसह मागून घ्या, कारण दोषदायित्व कालावधी त्या तारखेपासून मोजतात. त्या काळात गळती किंवा भेग दिसली तर लगेच दुरुस्त करा आणि दुरुस्तीची पोच घ्या. कालावधी संपायच्या महिनाभर आधी उपअभियंत्यासोबत इमारतीची पाहणी ठरवा. सुरक्षा ठेव परत मिळण्याचा अर्ज कालावधी संपेल त्या दिवशीच द्या, सोबत ठेवीच्या पावत्या, कपात झालेल्या प्रत्येक बिलाची नक्कल आणि पाहणीचा अहवाल जोडा. ठेव आपोआप परत येत नाही, अर्ज करावाच लागतो.